ट्राम, एस.टी. आणि माझी मोटार

नाशिक शहर आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यात आठ-दहा किलोमीटरचे अंतर आहे. रेल्वे गावाला बगल देऊन गेली, तेव्हापासून स्टेशनावर उतरलेल्या माणसाला गावात आणायचे कसे, हा प्रश्न नाशिककरांच्या मागे लागला. १८८९ मध्ये त्यावर ट्राम हे उत्तर मिळाले. अडीच फुटी रुळांवर घोडे जुंपलेले डबे मेनरोड ते स्टेशन धावू लागले. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप; पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच. ट्राम खाजगी कंपनीची होती. तोटा साचला आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली.

या विषयाकडे मी वळलो तो एका खाजगी शंकेमुळे. २००६ साली मी कर्ज काढून पहिली मोटार घेतली. आईचे गुडघे गेले होते, तिला दवाखान्यात न्यावे लागे. ही निवड पूर्णपणे माझी, असे मला तेव्हा वाटत होते. कागद चाळता चाळता लक्षात आले, की माझ्यापुढचे पर्याय आधीच कोणीतरी मांडून ठेवले होते.

स्वातंत्र्यानंतर प्रवासी वाहतूक ही शासनाची जबाबदारी मानली गेली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. नाशिकमध्ये गावोगावच्या गाड्यांबरोबर शहराची बसही एस.टी.नेच चालवली. १९८२ साली महापालिका झाली. पण शहर बस २०२१ पर्यंत एस.टी.कडेच राहिली. रस्ते, वाहनतळ आणि बांधकाम परवाने एका संस्थेकडे, बस दुसऱ्या संस्थेकडे, अशी ही वाटणी होती. त्यामुळे नवी वसाहत मंजूर करणाऱ्याला तिथे बस पोहोचेल का, हे पाहण्याचे बंधन उरले नाही. एस.टी.च्या हिशेबात शहर सेवा म्हणजे तोट्याचा रकाना. फेऱ्या घटत गेल्या. जिथे बस नाही तिथे राहायला जाणारा माणूस आधी दुचाकी घेतो, मग चारचाकी.

करांची रचनाही पाहण्यासारखी आहे. सिन्नरहून रोज नाशिकला येणाऱ्या माणसाच्या एस.टी. तिकिटात मूळ भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो. तो दर फेरीला कर भरतो. खाजगी मोटारीचा वाहन कर नोंदणीच्या वेळी एकदाच भरला, की गाडी जितकी जास्त पळवावी तितका तो किलोमीटरमागे स्वस्त पडतो. मोटारवाला इंधनावरही कर भरतो, हे खरे. पण एस.टी.च्या डिझेललाही तो चुकलेला नाही.

मी मोटार घेतली त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण स्वीकारले. रस्त्यांचा विचार वाहनांसाठी नव्हे, तर माणसांसाठी करावा, हे त्याचे सार. त्यानंतर नाशिकला काय मिळाले? २०१३ च्या सुमारास मुंबई नाका आणि द्वारका यांच्या डोक्यावरून सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. तिचा एकही खांब अजून उभा नाही. त्याच वर्षी ८ जुलैला महापालिकेची ‘सिटीलिंक’ सुरू झाली, महापालिका स्थापन झाल्यावर जवळपास चाळीस वर्षांनी. तोवर घराघरांत गाड्या येऊन बसल्या होत्या.

धोरण उलट्या दिशेनेही काम करते. मार्च २०२३ मध्ये एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले आणि गाड्या बायकांनी भरून गेल्या. त्यांची प्रवासाची गरज काही रातोरात उगवली नव्हती. अडसर भाड्याचा होता.

सर्वांत मोठा पुरावा तर आपल्या गोदाकाठीच आहे. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी खाजगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या आणि तिथून भाविकांना एस.टी.ने आणले. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक झाला की लोकांना मैलोन्‌मैल पायपीट करावी लागली. पुढे तो सैल करावा लागला. म्हणजे नुसती मोटार अडवून भागत नाही, बस माणसाच्या जवळ यावी लागते, हा धडाही तिथेच मिळाला.

आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे. पुन्हा वाहनतळ आखले जातील, पुन्हा जादा बस येतील आणि पर्वण्या सरल्या की परत जातील. माझी आई आता नाही. माझे स्वतःचे गुडघे कुरकुरू लागले आहेत. आणखी काही वर्षांनी मला मोटार चालवता येणार नाही. तेव्हा घराजवळच्या थांब्यावर दर पंधरा मिनिटांनी बस येत असेल का, याचा निर्णय मी घेणार नाही. तो आजच्या अंदाजपत्रकात होतो आहे, आणि म्हणूनच ते अंदाजपत्रक मी हल्ली बारकाईने वाचतो.