रामदास बोट दुर्घटना

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला (ता. अलिबाग, जि. रायगड) निघालेली 'रामदास' ही प्रवासी आगबोट १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. दुःखाला अर्थ येतो तो कशाने, याचा विचार या किनाऱ्यावर 'रामदास'ला वगळून करता येत नाही.

पार्श्वभूमी : धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले रेवस हे अलिबागकडच्या चाकरमान्यांचे मुंबईहून येतानाचे पहिले बंदर. पलीकडे उरण तालुक्यातील करंजा. त्या वेळी आषाढ अमावास्या जवळ आलेली. समया, निरांजने घासूनपुसून पाटावर मांडायची आणि दिव्यांची पूजा करायची, यासाठी माणसे घरी निघाली होती.

घटना : सकाळी आठच्या सुमारास बोट सुटली. बंदराबाहेर वारा-पाऊस वाढला, लाटा आत येऊ लागल्या. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, बोट कलली आणि उलटली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. वाचलेले लोक किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला काही कळलेच नाही.

कोळ्यांचे मदतकार्य : रेवसकडचे काही कोळी त्या दिवशी मासळी विकायला मुंबईकडे निघाले होते. पाण्यात माणसे दिसताच त्यांनी म्हावरं दर्यात ओतून होड्या रिकाम्या केल्या आणि हाताला लागतील तितकी माणसे वर ओढली, असे या भागात आजही सांगतात. पावसाळ्यात दर्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि टोपलीभर मासळी म्हणजे घरची चूल. त्या घटकेला दोन्ही बाजूला ठेवून त्यांनी परक्या माणसाला हात दिला.

अर्थाचा प्रश्न : 'रामदास' बुडण्याच्या आदल्याच वर्षी, १९४६ मध्ये, नाझी छळछावणीतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचे छावणीतील अनुभवांवरचे पुस्तक जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. अटळ दुःखासमोर आपण कसे उभे राहायचे, ही निवड अखेरपर्यंत माणसाच्या हाती असते, हे त्यांचे सांगणे. जे दुःख टाळता येते त्याचे कारण आधी दूर करा, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले. 'रामदास'च्या बाबतीत ही दोन्ही विधाने शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत. वादळ अटळ होते. संदेशयंत्राचा अभाव अटळ नव्हता. दुर्घटनेनंतर प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्रणेची सक्ती झाली. बुडालेल्यांना त्याचा उपयोग नव्हता, पण पुढच्या प्रवाशांसाठी ते त्यांचेच देणे ठरले.

स्मरण : दुर्घटनेनंतर महिन्याच्या आत देश स्वतंत्र झाला आणि त्या जल्लोषात हा आकांत मागे पडला. ज्यांची माणसे गेली त्या घरांसाठी मात्र आषाढ अमावास्येचे दिवस दिव्यांच्या पूजेचे तसेच श्राद्धाचे झाले. आपले माणूस का गेले, याचे उत्तर त्या घरांना कुणी देऊ शकले नाही, आणि ते उत्तर कुठल्या तत्त्वज्ञानात शोधूही नये. मरणाला अर्थ नव्हता. अर्थ होता तो रिकाम्या केलेल्या होडीला, पाण्यातून वर ओढलेल्या हाताला आणि पुढच्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा घासून लावलेल्या समईला.