अस्तारोथ : देवीचा दानव कसा झाला?

प्रतिपक्षाच्या दैवतांना दानव ठरविण्याची रीत केवळ भारतातच होती असे नाही. युरोपातील मंत्रविद्येच्या ग्रंथांत आढळणारा 'अस्तारोथ' हा दानव मूळचा दानव नव्हे. फिनिशियन लोकांची अस्तार्त ही देवी हेच त्याचे मूळ होय. सिदोन नगरीत तिची उपासना होत असे. हिब्रू धर्मग्रंथांनी तिला निषिद्ध ठरविले. पुढे ख्रिस्ती युरोपात तिचे स्त्रीत्वही लोपले आणि ती पुरुष दानव बनली.

योहान वायर या वैद्याने १५७७ साली प्रसिद्ध केलेल्या ६९ दानवांच्या यादीत अस्तारोथ हा ४० सैन्यदलांचा अधिपती, 'ड्यूक' आहे. सतराव्या शतकातील 'गोएशिया' या संग्रहातील ७२ दानवांत त्याचा क्रमांक २९ वा आहे. राजा, ड्यूक, मार्क्विस, अर्ल ही त्यांची उतरंड म्हणजे युरोपीय सरंजामशाहीचीच प्रतिकृती होय. हा संग्रह शलमोन राजाच्या नावावर घातला गेला. ज्या शलमोनाने वृद्धापकाळी याच देवीची उपासना केली असे बायबल सांगते, त्याच्याच नावाने तिला हुकमाची ताबेदार करण्यात आले!

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आर्यांचे शत्रू मानले गेलेले नाग लोक हेच बुद्धधम्माचे प्रसारक होते, हे सांगितले. म्हणून ग्रंथात 'दानव' वा 'राक्षस' हा शब्द आला की तो कोणी, कोणाला उद्देशून लिहिला, हे अभ्यासकाने प्रथम तपासले पाहिजे.