ख्रिस्तपुराण कसं वाचलं?

श्रद्धा पुढच्या पिढीकडे जाते कशी? प्रवचनातून? मला तरी वाटतं, जास्त करून कानावाटे.

फादर थॉमस स्टीफन्स घ्या. इंग्लंडचा हा जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1619 मध्ये वारला तो इथेच. सासष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची अडचण त्याने ओळखली. जुनी पुराणं सुटली होती, मग घरात म्हणायचं काय, पोरांना सांगायचं काय? नुसती प्रश्नोत्तरं घोकून कुणाचं मन भरतं का! म्हणून त्याने बायबलची कथा मराठी ओवीत रचली, जवळपास 11,000 ओव्या. स्वर्गाला शब्द वापरला 'वैकुंठ'. हे आजही काहींना खटकेल. मला मात्र ते धाडसी वाटतं.

1616 मध्ये ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी टाइप नव्हते. पुढे 1649 आणि 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. 1684 मध्ये तर पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज एकही सापडत नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर गेला, पण बॅकअप घराघरांत होते. लोकांनी हाताने नकला केल्या, ओव्या गायल्या. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनीही त्या जपल्या. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती काढली.

तुमच्या आजीकडे जुन्या गाण्यांची वही असेल, तर रद्दीत जाण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि चाल तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा.