योजनेतून मिळालेली कोंबडीची पिल्ले घरच्या जुन्या कोंबड्यांत कशी मिसळावीत?

ही माहिती कोणासाठी आहे?
रायपूरच्या ब्राह्मणपारा व आसपासच्या वस्तीतील ज्या मराठी कुटुंबांकडे आधीपासून कोंबड्या आहेत आणि ज्यांना योजनेतून नवी पिल्ले मिळाली आहेत किंवा मिळणार आहेत, त्यांच्यासाठी.

थोडक्यात
छत्तीसगढच्या पशुधन विकास विभागाच्या बॅकयार्ड कुक्कुट पालन योजनेत साधारणपणे २८ दिवसांची ४५ रंगीत पिल्ले दिली जातात. ही पिल्ले आणल्या दिवशीच जुन्या कोंबड्यांत सोडू नका. मोठ्या कोंबड्या त्यांना टोचून जखमी करतात, कधी मारूनही टाकतात. शिवाय एकाकडचा रोग दुसऱ्याला लागतो. आधी वेगळी ठेवा, मग जाळीआडून ओळख होऊ द्या आणि पिल्ले मोठी झाल्यावरच एकत्र करा.

अर्ज करण्यापूर्वी जागा पाहा
लहान पिल्लाला निदान १ चौरस फूट आणि मोठ्या पक्ष्याला सुमारे २ चौरस फूट जागा लागते. म्हणजे ४५ पक्षी मोठे झाल्यावर सुमारे ९० चौरस फूट. जुन्या दाट वस्तीत एवढे परस नसेल, तर अर्ज करण्याआधीच पशुवैद्यकीय कार्यालयात तसे सांगा. वस्तीत कोंबड्या पाळण्याबाबतचे नियम नगर निगमच्या झोन कार्यालयात विचारून घ्या.

पायरी १ : पहिले ३ ते ४ आठवडे वेगळे ठेवा
- जुन्या खुराड्यापासून शक्य तितक्या दूर, कोरड्या जागी भाताच्या तुसाची गादी करा. ओली गादी लगेच बदला. ओलाव्याने रक्ती हगवण होते.
- भांडी वेगळी ठेवा. रोज आधी पिल्लांचे काम करा, मग जुन्या कोंबड्यांचे. मध्ये हात-पाय धुवा.
- पिल्ले घेतानाच विचारा : कोणत्या लशी दिल्या आहेत, पुढची कधी? मानमोडीची (राणीखेत) पुढची लस साधारण आठव्या आठवड्यात असते. देवीच्या लशीचीही तारीख विचारा. जुन्या कोंबड्यांनाही लस द्या.
- डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खुराड्याला पोते लावा व गरज पडल्यास बल्ब लावा. मे महिन्यात सावली आणि गार पाणी द्या.

पायरी २ : जाळीआडून ओळख
मिसळण्यापूर्वी १ ते २ आठवडे दोन्ही गटांच्या मध्ये फक्त जाळी ठेवा. जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ दाणे टाका. एकमेकांना बघत खाण्याची सवय झाली की पुढची भांडणे कमी होतात.

पायरी ३ : एकत्र करणे
- पिल्ले १० ते १२ आठवड्यांची, म्हणजे मोठ्या कोंबडीच्या निदान दोन-तृतीयांश आकाराची झाली की मिसळा. दोन-चार न सोडता सगळी एकदम सोडा. एकट्या पिल्लावर सगळ्या कोंबड्या धावतात.
- संध्याकाळी अंधार पडल्यावर त्यांना खुराड्यात बसवा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच लक्ष ठेवा.
- दाण्या-पाण्याची भांडी २-३ ठिकाणी ठेवा. फक्त पिल्लाला शिरता येईल असा आडोसा करा, उदा. विटांवर ठेवलेली फळी.
- अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना जास्त असतो, तो पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतो. म्हणून सर्वांना वाढीचे खाद्य (ग्रोअर) द्या व मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

पिल्ले खुडूक कोंबडीने उबवलेली असतील तर?
आई स्वतः पिल्लांचे रक्षण करते, त्यामुळे ती लवकर कळपात रुळतात. मात्र योजनेतली पिल्ले आईविना वाढलेली असतात. त्यांना ही सूट लागू नाही.

कितपत भांडण चालते?
पहिले काही दिवस एखाद-दुसरी टोच मारणे, पळवणे चालते. त्यातून त्यांचा लहान-मोठेपणा ठरतो. रक्त दिसले तर मात्र तो पक्षी लगेच बाजूला काढा. रक्त पाहून बाकीच्याही टोचतात. जखम भरेपर्यंत वेगळे ठेवा. एकच कोंबडी सतत त्रास देत असेल तर तिला ३-४ दिवस वेगळी ठेवा.

मिसळणे केव्हा थांबवावे?
कोणत्याही गटात हिरवी किंवा रक्ताची हगवण, धाप, मान वाकडी होणे किंवा अचानक मरतूक दिसली तर मिसळू नका. मेलेले पक्षी उघड्यावर किंवा नाल्यात टाकू नका. जवळच्या पशु चिकित्सालयात कळवा किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा.

हिंदी अर्जातील शब्द
- हितग्राही : लाभार्थी
- चूज़े : पिल्ले
- अंशदान : आपण भरायचा वाटा
- टीकाकरण : लसीकरण

अनुदानाचा चालू दर आणि आपला वाटा किती, हे अर्ज भरताना कार्यालयातून विचारून घ्या. पैसे भरल्याची पावती व लसीकरणाची नोंद जपून ठेवा.