गोष्टीच्या तासाची नोंद

सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातील मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग होता. पुढे २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. युनेस्को व भारत सरकार यांच्या या पथदर्शी प्रकल्पातही बालविभाग होता. तेथे मुलांना गोष्टी सांगितल्या जात.

प्रशासनात वावरताना मला एक बाब सतत जाणवली. ग्रंथालयाचे काम आपण देवघेवीच्या नोंदवहीवरून मोजतो. आईचे बोट धरून आलेले, अक्षरओळखही नसलेले चार वर्षांचे मूल त्या वहीत कोठेच येत नाही. म्हणूनच काटकसरीच्या वेळी गोष्टीच्या तासाचा बळी देणे सोपे जाते. वास्तविक उद्याचा वाचक तेथेच घडत असतो. त्या तासाला हजर मुलांची संख्या वार्षिक अहवालात स्वतंत्र रकान्यात यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.