चिठ्ठ्यांवर उभा राहिलेला कोश : ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाची ७१ वर्षे

१८५७ साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच यांनी एक निबंध वाचला. विषय होता इंग्रजी कोशांतील उणिवा. सत्तावनच्या त्या धामधुमीत राज्यकर्त्यांच्याच भाषेचा कोश अपुरा असल्याची कबुली त्यांच्याच राजधानीत दिली जात होती, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश तोवर प्रमाण मानला जाई. ट्रेंच यांची भूमिका वेगळी होती. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, न्यायाधीश नव्हे. शब्द शिष्ट असो वा ग्राम्य, चलनात असो वा मृत, तो कोशात आला पाहिजे. आणि तो कधी जन्मला, त्याचा अर्थ कसा पालटत गेला, हे ग्रंथांतील अवतरणांनी सिद्ध झाले पाहिजे. कल्पना थोर होती, पण ती अमलात आणायची तर इंग्रजीतील सारे वाङ्मय कोणीतरी वाचायला हवे होते!

पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज. त्यांनी चिठ्ठ्या ठेवण्यासाठी ५४ कप्प्यांचे कपाट करवून घेतले. १८६१ मध्ये, अवघ्या तिशीत, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. काम फ्रेडरिक फर्निव्हल यांच्याकडे गेले. हा मनुष्य उत्साहाचा झरा होता, पण चिकाटीशी त्याचे वाकडे होते. पुढची काही वर्षे चिठ्ठ्या साठत गेल्या, घरोघर विखुरल्या, काही गहाळही झाल्या.

१८७९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसशी करार झाला आणि संपादकपद जेम्स मरे यांच्याकडे आले. स्कॉटलंडमधील एका शिंप्याचा हा मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे त्यांनी लंडनमध्ये चार्टर्ड बँक ऑफ इंडियात कारकुनी केली, मग मिल हिल येथे शिक्षकी. भाषा मात्र ते आयुष्यभर शिकत राहिले.

मरे यांच्या दारात सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरीण पिलांसह नांदत होती. ‘एच’ अक्षराचा साठा इटलीत फ्लॉरेन्सला सापडला. ‘पीए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात मिळाल्या, त्यांतील काही तर आग पेटवण्यात खर्ची पडल्या होत्या.

याहून गंभीर दोष वेगळाच होता. वाचकांनी दुर्मिळ शब्द हौसेने टिपले आणि रोजचे शब्द सोडून दिले. ‘ॲब्यूजन’ या अप्रचलित शब्दाची सुमारे ५० अवतरणे होती. नेहमीच्या ‘ॲब्यूज’ची पाचही नव्हती. ज्या शब्दांवर भाषेचा संसार चालतो त्यांचाच पुरावा नव्हता. मरे यांनी इंग्रजी जाणणाऱ्या जगाला नव्याने आवाहन केले : पुस्तके वाचा, साधे शब्दही टिपा.

पद्धत सोपी होती. वहीच्या अर्ध्या पानाएवढी चिठ्ठी घ्यायची. वरच्या कोपऱ्यात शब्द, खाली सालासह लेखक, ग्रंथ आणि पृष्ठांक, त्याखाली पूर्ण वाक्य. मरे यांनी शाळेच्या आवारात पत्र्याची खोली उभारली आणि तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असे भारदस्त नाव दिले. आत १,०२९ कप्पे. घरातील मुलांना चिठ्ठ्या लावण्याबद्दल खाऊचे पैसे मिळत. चिठ्ठ्या आधी वर्णानुक्रमे, मग अर्थानुसार, मग कालानुक्रमे लागत. त्यानंतरच व्याख्या लिहायला घेतली जाई. आधी पुरावा, मग अर्थ, हा क्रम कधी उलटला नाही. या कोशाचे खरे सामर्थ्य या शिस्तीत आहे. पृष्ठसंख्येचे कौतुक त्यामानाने दुय्यम.

हे वाचक कोण होते? एडिथ थॉम्प्सन आणि त्यांच्या भगिनी यांनी एकट्या पहिल्या खंडासाठी सुमारे १५,००० अवतरणे पाठवली. विल्यम चेस्टर मायनर हे अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक. भ्रमिष्टावस्थेत त्यांनी १८७२ मध्ये लंडनमध्ये एका निरपराध माणसाला गोळी घातली आणि ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिवास पत्करला. तेथूनच ते हजारो अवतरणे पुरवत राहिले. ‘मरे त्यांना डॉक्टर समजून भेटायला गेले आणि थक्क झाले’ ही प्रसिद्ध कथा मात्र दंतकथा आहे. भेटीपूर्वीच मरे यांना सारे ठाऊक होते.

मायनर यांच्या नाट्यमय आयुष्यामुळे फिट्झएडवर्ड हॉल झाकोळले गेले. हेही अमेरिकी. बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक, ‘विष्णुपुराणा’च्या विल्सनकृत भाषांतराचे संपादक, आणि १८५७ मध्ये सागरच्या किल्ल्यात वेढ्यात अडकलेले. पुढे इंग्लंडमधील एका खेड्यात एकांतवासात राहून त्यांनी सुमारे वीस वर्षे, रोज काही तास, कोशाची मुद्रिते तपासली. मोबदला शून्य. मरे आणि हॉल यांची प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही.

करार होता दहा वर्षांत चार खंडांचा. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला : ३५२ पाने, ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत. पाच वर्षांत मजल मुंगीपर्यंतच! प्रकाशक अस्वस्थ झाले. अमेरिकेतील वेबस्टरच्या कोशाच्या एका पानामागे आपली किती पाने, असे प्रमाण लावून कात्री चालवण्याचा आग्रह सुरू झाला. मदतनिसांचे पगार सुरुवातीस मरे यांच्याच मानधनातून जात होते. त्यांनी राजीनाम्याची तयारी ठेवली, पण पुरावा कापू दिला नाही. एक तडजोड मात्र करावी लागली : हेन्री ब्रॅडली, पुढे विल्यम क्रेगी आणि चार्ल्स अनियन्स असे स्वतंत्र संपादक नेमले गेले.

चुकाही झाल्या. ‘ॲपेंडिसायटिस’ हा निव्वळ वैद्यांचा शब्द म्हणून वगळला गेला; १९०२ मध्ये त्याच विकाराने सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक लांबला आणि शब्द घरोघर पोहोचला. ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्याच हरवल्या होत्या. त्याला १९३३ च्या पुरवणीची वाट पाहावी लागली.

भारतीय शब्दांसाठी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाचा मोठा आधार मिळाला. मराठी ‘मुंगूस’ ‘मंगूज’ होऊन ‘एम’ अक्षरात दाखल झाले.

१९१५ च्या जुलैत ‘टी’वर काम चालू असताना मरे वारले. कोश पुरा झाला एप्रिल १९२८ मध्ये. आणि शेवटचा भाग ‘झेड’चा नव्हता, ‘डब्ल्यू’चा होता. ४,१४,८२५ शब्द, १८,२७,३०६ अवतरणे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये पंतप्रधान बाल्डविन यांच्या उपस्थितीत मेजवानी झडली. पंगत पुरुषांची. वर्षानुवर्षे कोशासाठी राबलेल्या स्त्रियांपैकी तिघींना सज्जात बसून ती पाहण्याची परवानगी होती. त्यांत मरे यांची कन्या रॉसफ्रिथ होती.

पुढे रॉबर्ट बर्चफील्ड यांनी १९७२ ते १९८६ या काळात चार पुरवणी खंड काढले आणि ब्रिटनबाहेरच्या इंग्रजीला दार उघडले. १९८९ मध्ये २० खंडांची दुसरी आवृत्ती आली. २००० साली कोश इंटरनेटवर गेला आणि पहिल्यापासून फेरतपासणी सुरू झाली. ही तपासणी ‘ए’पासून नव्हे, ‘एम’पासून आरंभली गेली, कारण सुरुवातीच्या अक्षरांत मरे यांची पद्धत अजून घडत होती, मधल्या अक्षरांपर्यंत ती स्थिरावली होती. सुधारलेल्या नोंदींचा पहिला हप्ता ‘एम’पासून सुरू झाला आणि एका भारतीय शब्दावर येऊन थांबला : ‘महूरत’, म्हणजे आपला मुहूर्त.