परदेशगमन : सल्लागाराची पडताळणी

परदेशी जाण्यासाठी पुण्यातील अनेक कुटुंबे आयुष्याची पुंजी सल्लागाराच्या हाती सोपवितात. त्यापूर्वी त्याची नोंदणी तपासावी, असे आम्ही सुचवितो.

परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार केंद्र सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र लागते. त्याची खातरजमा 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर करता येते. त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे.

स्थलांतराच्या सल्लागारास मात्र त्या त्या देशाचे नियम पाहावे लागतात. कॅनडासाठी शुल्क घेणारा सल्लागार २०२१ पासून तेथील 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'चा परवानाधारक असावा लागतो, अथवा तेथील वकील. परवानाधारकांची यादी सर्वांस खुली आहे.

व्हिसा सरकार देते, सल्लागार नव्हे. म्हणून 'हमखास व्हिसा' सांगणाऱ्यापासून आपण दूर राहावे आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.